शेकाप मावळात आला, पण फक्त मतं मागायला

मावळकरांनो, 2014 ची लोकसभा आठवतेय का? आपल्या मतदारसंघात दुसऱ्या नंबरवर कोण होतं? शेतकरी कामगार पक्ष. साडेतीन लाखांच्या वर मतं. आता सांगा, त्यानंतर वडगावच्या तहसीलवर, कामशेतच्या चौकात, लोणावळ्यात शेकापचा लाल बावटा कितीदा दिसला?

नव्या पोरांसाठी थोडा इतिहास. केशवराव जेधे, शंकरराव मोरे ही मंडळी काँग्रेसमधून बाहेर पडली, कारण स्वातंत्र्य आलं तरी काँग्रेस शेठजींच्याच कलाने चालतेय असं त्यांचं म्हणणं होतं. 1950 ला नाशिक जिल्ह्यात दाभाडीला अधिवेशन झालं आणि पक्षाने सरळ मार्क्सवाद-लेनिनवाद स्वीकारला. म्हणजे क्रांतीची भाषा. पुढे काय झालं? खुद्द जेधे आणि मोरे काँग्रेसमध्ये परत गेले. राहिलेल्यांनी पक्ष चालवला, संयुक्त महाराष्ट्रासाठी लढले, आमदार निवडून आणले. 1978 च्या पुलोद सरकारात मंत्रीही झाले.

काही डावे मित्र म्हणतात, निवडणुकीच्या नादाला लागले तिथेच क्रांती संपली. मला हे अजिबात पटत नाही. गणपतराव देशमुख सांगोल्यातून 11 वेळा निवडून आले, काय बिघडलं त्यांचं? दि. बा. पाटील पनवेलचे पाच वेळा आमदार. पण जानेवारी 1984 मध्ये सिडकोने घेतलेल्या जमिनींसाठी उरण-जासईचा शेतकरी रस्त्यावर उतरला तेव्हा दिबा त्यांच्या पुढे होते. गोळीबारात पाच जण गेले. त्याच लढ्यातून प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क मिळाला. आमदारकी आणि आंदोलन एकाच माणसाने केलं. म्हणजे दोन्ही जमतं.

हे उरण-पनवेल काही परक्या मुलखात नाही. घाटावर मावळ, पिंपरी, चिंचवड आणि घाटाखाली कर्जत, पनवेल, उरण, असा मिळून आपला एकच लोकसभा मतदारसंघ आहे. जासईचे हुतात्मे आणि आपल्या बऊरचे हुतात्मे एकाच मतदारसंघातले.

बऊर विसरलात? 9 ऑगस्ट 2011. पवनेचं पाणी बंद पाइपलाइनने पिंपरी-चिंचवडला न्यायला विरोध म्हणून शेतकरी एक्स्प्रेस वेवर आला. पोलिसांच्या गोळीबारात तिघं गेले. जासईच्या पक्षाने खरं तर दुसऱ्या दिवसापासून मावळात तळ ठोकायला हवा होता, गावोगाव शाखा काढायला हव्या होत्या. जागा मोकळी होती. ती भाजप-शिवसेनेने भरली.

शेकापने काय केलं? 2014 ला चिंचवडचे आमदार लक्ष्मण जगताप यांना तिकीट दिलं. निवडणूक हरल्यावर काही महिन्यांतच जगताप भाजपकडून विधानसभेवर गेले. मी त्यांना दोष देत नाही. तत्त्वज्ञान त्यांनी कधी सांगितलंच नव्हतं. प्रश्न पक्षाला आहे: साडेतीन लाख मतांतून मावळात एक तरी कार्यकर्ता उभा राहिला का? आणि 2019 ला तर कमालच. बऊरच्या गोळीबारावेळी गृहखातं ज्या राष्ट्रवादीकडे होतं, त्याच राष्ट्रवादीच्या पार्थ पवारांसाठी शेकाप मतं मागत होता. युती म्हणून करावं लागतं, मान्य. पण बऊरच्या घरी जाऊन चार शब्द तरी बोलायचे.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. पक्ष निवडणूक लढवतो म्हणून संपत नाही. दोन निवडणुकांच्या मधली पाच वर्षं तो घरी बसतो, म्हणून संपतो. 2024 च्या विधानसभेत सगळ्या महाराष्ट्रातून शेकापचा एकच आमदार आला, तोही सांगोल्यातून, जिथे गणपतरावांनी जन्मभर माणसं जोडली. हा योगायोग नाही.

कुणी म्हणेल, बुडत्या पक्षाची चिंता तुला कशाला? चिंता पक्षाची नाही, आपली आहे. पवना धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाला पन्नास वर्षं उलटून गेली. उर्स्याकडून रिंगरोड निघतोय, एमआयडीसीची भूक संपत नाही. भूसंपादनाच्या सुनावणीला शेतकरी एकटा जातो, शेजारी एजंट उभा असतो. कायदा समजावून सांगणारा, मोजणीच्या दिवशी बांधावर हजर राहणारा पक्ष कुठाय? सत्तेतल्यांना कॉन्ट्रॅक्ट सांभाळायचेत, विरोधकांना तिकीट.

शेकापवाल्यांनो, राग आला असेल तर कमेंट करत बसू नका. घाट चढून या. पवनमावळात, आंदरमावळात प्रत्येक गावात दोन माणसं धरा, सातबारा आणि नोटिसा वाचायला बसा. उमेदवार नंतर बघू.

आणि आपण मतदारांनी? दर 9 ऑगस्टला बऊरला हार घालायला पुढारी येतात. पुढच्या वेळी प्रत्येकाला, पक्ष कुठलाही असो, एकच विचारा: गेल्या वर्षभरात तुम्ही कुठल्या शेतकऱ्याबरोबर प्रांत ऑफिसला गेलात? गाव सांगा, तारीख सांगा.