काका, फक्त पन्नास कॉप्या!

मोठ्या ऑफिसांच्या पोटात एक छोटीशी प्रेस दडलेली असते, हे अनेकांना जॉइन झाल्यावर वर्षभराने कळतं. पत्ता साधारण ठरलेला : बेसमेंट, पार्किंगच्या शेजारी, एसी फक्त मशीनसाठी. तिथे एक काका असतात. ट्रेनिंगची मॅन्युअल्स, व्हिजिटिंग कार्डं, सेफ्टीची पोस्टर्स, बोर्ड मीटिंगच्या फायली, सगळं त्यांच्या हातून जातं. आणि तिथे पोचणारा प्रत्येक जण एकच वाक्य घेऊन येतो, "काका, अर्जंट आहे हो, फक्त पन्नास कॉप्या!"

पुण्याजवळच्या एका इंजिनीअरिंग कंपनीचं न्यूजलेटर मी फ्रीलान्स करते, त्यामुळे अशा एका प्रेसमध्ये माझं येणं-जाणं आहे. २०२४च्या जूनमध्ये तिथे ऑर्डर मॅनेजमेंट सॉफ्टवेअर आलं. नाव भारदस्त, काम सोपं. छपाई हवी असेल तर आपल्या जागेवरूनच फॉर्म भरायचा, फाइल जोडायची, तारीख टाकायची. जॉब नंबर मिळतो. मग फाइल तपासली, प्रूफ आलं, मशीनवर चढलं, बाइंडिंगला गेलं... सगळं स्क्रीनवर दिसतं. कुरियरचं पार्सल ट्रॅक करतो ना, तस्संच.

ही आयडिया प्रेसची नव्हती. अकाउंट्सने विचारलं होतं, बाहेर पानामागे स्वस्त पडतं, मग ही प्रेस ठेवायची कशाला? प्रश्न रास्त होता. पण उत्तर द्यायला काकांकडे होतं काय? एक लांबडी वही. तारीख, डिपार्टमेंट, कॉप्या, बस्स. तीनदा बदललेलं प्रूफ, रात्री आठपर्यंत थांबून केलेलं बाइंडिंग, 'आमच्या साहेबांचं आहे' म्हणून मध्येच घुसवलेलं काम, यातलं काहीच तिच्यात नव्हतं. तीन माणसांच्या नोकऱ्या त्या वहीवर टांगलेल्या!

सॉफ्टवेअर पहिले दोन महिने चक्क फसलं. कारण, मागचं दार उघडंच होतं. फॉर्म कोण भरत बसणार? पेनड्राइव्ह घेऊन खाली उतरायचं, नाहीतर काकांना व्हॉट्सअ‍ॅप. नाही म्हणणं काकांच्या स्वभावात नाही. शिवाय फॉर्म आयटीवाल्यांनी आपल्या मनाने केलेला. त्यात पेपरचा साइज होता, जीएसएम नव्हता. कलर होता, पण छपाई एका बाजूला की दोन्ही, हे नव्हतं. म्हणजे फॉर्म भरूनही काकांचा फोन यायचाच. मग लोक थेट खालीच जाणार ना!

गाडी रुळावर आली ती एका दुपारी. आयटीतली एक मुलगी लॅपटॉप घेऊन काकांच्या शेजारी बसली. "काका, फोनवर तुम्ही काय काय विचारता, ते सांगा." काका सुरू झाले. मधोमध पिना मारायचं पुस्तक? मग पानं चारच्या पटीत आणा, २२ आणलीत तर दोन कोरी जाणार. कडेपर्यंत रंग आहे? चारी बाजूंनी ३ मिमी जास्त सोडा, नाहीतर कापताना पांढरी रेघ राहते. ३०० जीएसएमचं कव्हर? आधी क्रीझिंग लागेल, नुसती घडी घातली तर रंग फुटतो. मराठी मजकूर आहे, आणि फॉन्ट युनिकोडच्या आधीचा? मग वर्डची फाइल नकोच, फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ द्या. नाहीतर 'सुरक्षा'च्या जागी भलतीच अक्षरं उमटतात.

हे सगळं फॉर्ममध्ये गेलं. आता २२ पानांचं पिनांचं पुस्तक टाकलंत तर तो पुढेच सरकत नाही. प्रूफला ओके देताना तुमचं नाव आणि वेळ नोंदली जाते, त्यामुळे 'मी असं सांगितलंच नव्हतं' हे लाडकं वाक्य बाद. 'अर्जंट' निवडायचं तर कारण लिहायचं आणि हेडची मंजुरी आणायची. मंजुरी म्हटल्यावर बरेच अर्जंट जॉब शुक्रवारपर्यंत थांबायला तयार होतात, बरं का!

डायरेक्टरांच्या ऑफिसमधून फोन अजूनही येतातच. फरक इतकाच, की त्या जॉबलाही नंबर पडतो आणि त्याच्यामुळे कोणाचं काम मागे सरकलं, ते सगळ्यांना दिसतं. अर्थात काकांना कुठल्या कामाला किती वेळ लागला, हेही दिसतं. ते त्यांना फारसं आवडलेलं नाही. मलाही आवडलं नसतं.

पण अकाउंट्ससमोर ठेवायला आता कागद होते. कमी कॉप्या, सतत बदलणारा मजकूर, आजच्या आज हवं असलेलं काम घरातच परवडतं. हजारोंच्या कॉप्या असतील तर ऑफसेट बरं, कारण प्लेट आणि मशीन लावण्याचा खर्च तेवढ्या कॉप्यांत वाटला जातो. म्हणून वार्षिक कॅलेंडरं बाहेर द्या, असं काकांनी स्वतःच सुचवलं. २०२५च्या मार्चमधल्या बजेट मीटिंगमध्ये प्रेसला आणखी एक वर्ष मिळालं. एकच.

लांबडी वही अजून टेबलावर आहे. आता तिच्यात जॉब नंबरचा एक कॉलम आखलाय. "नेट गेलं तर?" काका म्हणाले.