वजन उतरेपर्यंत थांबायचं कशाला?

वजन उतरवण्याच्या, म्हणजे बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रियेची तारीख मिळेपर्यंत बाईची फाइल जाडजूड झालेली असते. रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी, एंडोस्कोपी, झोपेत श्वास अडकतो का ते पाहणारी स्लीप स्टडी. मग आहारतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ. जेवणात किती पोळ्या, घोरता का, घरात कुणाला मधुमेह आहे का, सगळं विचारून होतं. शरीरसंबंधात सुख मिळतं का, काही दुखतं का, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. आणि बाई आपणहून सांगत नाही.

अमेरिकेत प्रॉव्हिडन्सच्या मिरियम हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी हे विचारलं. शस्त्रक्रियेसाठी आलेल्या १०२ बायकांना त्यांनी १९ प्रश्नांची प्रश्नावली दिली. इच्छा, उत्तेजना, ओलावा, कामतृप्ती, समाधान आणि वेदना, असे त्यातले विषय. २००९ साली निष्कर्ष छापून आले, तेव्हा दहातल्या सहा जणींना लैंगिक अडचण असल्याचं दिसलं. म्हणजे हा एखाददुसरीचा नाजूक प्रश्न नव्हे.

'एवढं वजन असल्यावर इच्छा कुठून होणार' असं म्हणून लोक मोकळे होतात. त्या एका वाक्याखाली किती वेगवेगळी दुखणी दडपली जातात! मधुमेहाने नसा आणि रक्तप्रवाह बिघडतो, कोरडेपणा येतो. जांघेत, स्तनांखाली घामाने बुरशी होते, आग होते, मग कपडे उतरवण्याचीच लाज वाटते. खोकलं की लघवी सुटते, ती ऐन वेळी सुटेल ही धास्ती. गुडघे वाकत नाहीत, कंबर धरते. रात्रभर श्वास अडकत राहिल्याने दिवसभर अंगात त्राण नसतं. नैराश्यावरच्या काही गोळ्याच इच्छा मारतात. वर नवऱ्याचा एखादा शब्द वर्षानुवर्षं मनात रुतलेला असतो.

यातल्या बहुतेक गोष्टींवर आजच इलाज आहे, त्यासाठी एक किलोही उतरावा लागत नाही. बुरशीवर मलम आहे. कोरडेपणासाठी वंगण औषधाच्या दुकानात मिळतं. लघवीसाठी ओटीपोटाच्या तळच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्ट शिकवतात. नैराश्यावरची गोळी बदलता येते का, हे ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारता येतं. मनानेच बंद मात्र करू नये. कुशीवर झोपून किंवा कमरेखाली उशी घेऊन संबंध ठेवले तर गुडघ्यांवर भार येत नाही. एवढं साधं सांगायला आपण कचरतो. मधुमेही पुरुषाला ताठरतेबद्दल विचारायला बरेच डॉक्टर आता लाजत नाहीत, मग त्याच आजाराच्या बाईपाशी तोंड का मिटतं, याचा मला संताप येतो. र. धों. कर्वे १९२७ सालापासून 'समाजस्वास्थ्य' मासिकातून बाईच्या कामसुखाबद्दल उघड लिहीत होते आणि त्यापायी खटले झेलत होते. त्यांच्याच महाराष्ट्रात आज हा प्रश्न तपासणीच्या खोलीत उच्चारता येत नाही.

'ऑपरेशन झालं की आपोआप सुधारेल' हे उत्तर खोटं नाही, पण अपुरं आहे. त्याच संशोधकांनी पुढे ५४ बायकांचा मागोवा घेतला. आधी अडचण असलेल्या ३४ जणींपैकी २३ जणी सहा महिन्यांत त्यातून बाहेर आल्या. फार मोठा दिलासा आहे हा. पण उरलेल्या अकरा जणींचं काय? त्यांना 'थांबा' एवढंच सांगितलं असेल, तर वजन उतरूनही सुख नाही म्हटल्यावर त्या दोष स्वतःलाच देणार. शिवाय शस्त्रक्रियेपर्यंतचा काळ लहान नसतो. पैशांची जुळवाजुळव, विम्याची मंजुरी, साखर आटोक्यात आणणं, यांत महिने सरतात. तेही तिच्या आयुष्याचेच महिने आहेत.

या विषयाजवळ डॉक्टर एकदा हमखास येतात. शस्त्रक्रियेनंतर बारा ते अठरा महिने गर्भ राहू देऊ नका, असं बजावतात. ते गरजेचंच आहे, कारण वजन उतरू लागलं की पीसीओडीमुळे चुकणारी पाळी परतते आणि ध्यानीमनी नसताना दिवस जातात. जठराच्या बायपास शस्त्रक्रियेनंतर गर्भनिरोधक गोळी नीट शोषली जाईलच असं नाही, म्हणून तांबी किंवा दुसरं साधन आधीच ठरवावं लागतं. पुढचा प्रश्न त्याच बैठकीत, बरोबरच्या माणसांना बाहेर बसवून विचारावा: तुम्हाला इच्छा होते का, दुखतं का, आणि यावर आत्ता उपचार हवेत का? तो विचारला गेला नाही, तर बायांनो, तुम्हीच सांगा, 'डॉक्टर, मला या बाबतीतही बोलायचंय.'