‘रेकॉर्ड’च्या गर्दीत हरवलेली नोंद

एखाद्या सुशिक्षित मराठी घरात दिवसभर कान देऊन बसले, तर एक शब्द किती वेळा आणि किती निरनिराळ्या अर्थांनी उच्चारला जातो, हे पाहून नवल वाटेल. फलंदाजाने नवे रेकॉर्ड केले. शेजारच्या गल्लीतील गुंडाचे पोलिसांकडे रेकॉर्ड आहे. आजोबांच्या कपाटात जुन्या रेकॉर्ड आहेत. बैठकीतले बोलणे भ्रमणध्वनीवर रेकॉर्ड केले आहे. जमिनीचे रेकॉर्ड तलाठ्याकडे मिळेल आणि रुग्णाचे रेकॉर्ड डॉक्टरांकडे. सहा प्रसंग, सहा वेगळ्या वस्तू, आणि शब्द मात्र एकच!

शब्द परका आहे म्हणून त्याचा राग धरण्याचे कारण नाही. किंबहुना त्याची व्युत्पत्ती आदर वाटावा अशीच आहे. लॅटिन भाषेत ‘कोर’ म्हणजे हृदय. जे पुन्हा हृदयाशी आणले जाते, आठवले जाते, ते ‘रेकॉर्ड’. भाषाशास्त्रज्ञ संस्कृतातील ‘श्रद्धा’ या शब्दाचे नातेही त्याच प्राचीन धातूशी जोडतात. हृदय जेथे ठेवावे ती श्रद्धा. हृदयाशी जे परत आणावे ते स्मरण. कागदावर उतरवणे ही त्यानंतरची पायरी. ज्या समाजाला स्मरण ठेवावेसे वाटते, तोच लिहून ठेवतो, असा या शब्दाचा मूळ आशय आहे.

मात्र ज्यांची ही भाषा, ते इंग्रज एकाच शब्दावर सारा भार टाकत नाहीत. जहाजाच्या प्रवासाची दैनिक नोंद म्हणजे ‘लॉग’. जहाजाचा वेग मोजण्यासाठी पाण्यात सोडल्या जाणाऱ्या लाकडी ओंडक्यावरून ते नाव पडले. सभेच्या कामकाजाची नोंद म्हणजे ‘मिनिट्स’, नावांची वा व्यवहारांची क्रमवार वही म्हणजे ‘रजिस्टर’, कालानुक्रमे सांगितलेला वृत्तांत म्हणजे ‘क्रॉनिकल’. पुरावा म्हणून दाखवता येईल असा कागद तो ‘डॉक्युमेंट’. त्याच्या मुळाशी ‘शिकवणे’ या अर्थाचा लॅटिन धातू आहे. आणि हे सारे जेथे जपून ठेवायचे ते ‘आर्काइव्ह’. प्रत्येक शब्दाचे स्थान ठरलेले आणि प्रत्येकामागे एक शिस्त उभी. इंग्रजीचा उदोउदो करताना मराठी माणसाने तिचा एक शब्द तेवढा उचलला; तिची शब्दनिवडीतील काटेकोरता मात्र घेतली नाही.

मराठीत शब्दांची वाण होती, असे मुळीच नाही. खेळातील रेकॉर्डला ‘विक्रम’ आहे, आकड्यांतील रेकॉर्डला ‘उच्चांक’ आहे. गाण्याच्या तबकडीला ‘ध्वनिमुद्रिका’, सभेच्या कामकाजाला ‘इतिवृत्त’, गुन्हेगाराच्या जुन्या कृत्यांना ‘पूर्वेतिहास’, शासकीय कागदांना ‘अभिलेख’. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १२९ नुसार सर्वोच्च न्यायालय आणि अनुच्छेद २१५ नुसार प्रत्येक उच्च न्यायालय हे ‘अभिलेख न्यायालय’ आहे. त्याही मागे गेले, तर मराठी राज्याच्या कारभारातील शब्दांची श्रीमंती दिसते. वादातील पक्षकाराने आपल्या हक्काची साद्यंत हकीकत मांडली की तो ‘करीना’. गोतसभेने सर्वांसमक्ष निवाडा करून उपस्थितांच्या निशाण्यांसह तो लिहून दिला की तो ‘महजर’. रोजच्या जमाखर्चाची ‘रोजकीर्द’, खातेवार मांडलेली ‘खतावणी’, शकांनुसार घटना टिपलेली ‘शकावली’ आणि पराक्रमाची सलग कथा सांगणारी ‘बखर’. कोणी लिहिले, केव्हा लिहिले आणि कशासाठी लिहिले, हे नुसत्या नावावरूनच कळत असे.

हा भेद केवळ पंडितांच्या चर्चेपुरता नाही. छत्रपती शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचेच उदाहरण घ्यावे. उत्तरकालीन बखरींच्या आधारे वैशाख शुद्ध द्वितीया शके १५४९, म्हणजे इसवी सन १६२७, ही तिथी दीर्घकाळ रूढ होती. पुढे कारी येथील जेधे देशमुखांच्या घराण्यात जपलेली शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाच्या माध्यमातून त्यांनी ती प्रसिद्ध केली. तीत फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ अशी स्पष्ट नोंद होती. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’नेही तिला दुजोरा दिला. १९ फेब्रुवारी १६३० हा आज शासनमान्य असलेला जन्मदिवस त्यातूनच स्थिर झाला. बखर बहुधा घटनेनंतर पुष्कळ काळाने, स्मरणावर विसंबून, श्रोत्यांना स्फूर्ती मिळावी म्हणून लिहिली जाते. शकावलीला स्फूर्तीशी कर्तव्य नसते. वर्ष, तिथी, वार आणि घटना एवढेच ती सांगते. दोन्ही मोलाच्या आहेत, पण त्यांचे मोल एक नव्हे. दोहोंनाही ‘जुने रेकॉर्ड’ म्हणून एकाच गाठोड्यात बांधणाऱ्या समाजाला जवळपास तीन वर्षांच्या या फरकाचा उलगडा कधीच झाला नसता. आणि ती शकावली एखाद्या पिढीने अडगळ म्हणून चुलीत घातली असती तर?

शब्दांचे मोल राज्यकर्त्यांना कळत होते, याचीही साक्ष इतिहासच देतो. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंतांनी ‘राजव्यवहारकोश’ सिद्ध केला. कारभारात रुळलेल्या सुमारे चौदाशे शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले आहेत आणि त्याच्या दहा वर्गांपैकी एक ‘लेखनवर्ग’ आहे. गड जिंकणाऱ्या राजाला लेखणीच्या शब्दांची चिंता वाहावीशी वाटली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. विसाव्या शतकात स्वातंत्र्यवीर सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ उभारली. आज कोणत्याही शासकीय पत्राच्या शिरोभागी असणारे ‘दिनांक’ आणि ‘क्रमांक’ हे शब्द ही त्यांचीच देणगी. ज्यांच्यावाचून एकही नोंद पुरी होत नाही, नेमके तेच हे दोन शब्द!

येथे एक आक्षेप घेतला जाईल. करीना, महजर, दप्तर हे शब्द तरी कोठे अस्सल मराठी आहेत? ते फारसीच्या वाटेने आले, हे खरेच आहे. ‘दप्तर’ तर त्याही पलीकडे ग्रीकमधून फारसीत आला. मात्र आक्षेप घेणाऱ्यांनी एक फरक ध्यानात घ्यावा. ते शब्द आले तेव्हा प्रत्येकाने आपापले नेमके काम सांभाळले. दहा शब्दांना हुसकावून एकटाच गादीवर बसला, असे त्यांपैकी कोणी केले नाही. ‘रेकॉर्ड’ने नेमके तेच केले आहे. म्हणून येथे प्रश्न शब्दाच्या कुळाचा कमी आणि विचाराच्या नेमकेपणाचा अधिक आहे. जेथे शब्द मोघम होतो, तेथे कामही मोघम होते. ‘रेकॉर्ड ठेवा’ असे सांगितल्यावर काय ठेवायचे, हे कोणालाच उमगत नाही. ‘इतिवृत्त लिहा’ म्हटले की दिनांक, उपस्थिती, ठराव आणि स्वाक्षरी ही चौकट आपोआप डोळ्यांपुढे येते.

महाराष्ट्रातील आडनावेच पाहावीत. चिटणीस, फडणीस, सबनीस, दफ्तरदार, कुलकर्णी, देशपांडे. ही सारी लेखणीची आणि हिशेबाची घराणी. तथापि आज अशा किती घरांत पणजोबांच्या हातचा एखादा कागद सापडेल? वाडा पाडून सदनिका उभ्या राहिल्या आणि माळ्यावरची रुमालात बांधलेली दप्तरे रद्दीच्या तराजूत गेली. जी उरली ती मोडी लिपीत, आणि मोडी वाचणारा घरात कोणी नाही. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध आरंभला, तेव्हा गावोगावच्या जुन्या दप्तरांसमोर मोडीच्या जाणकारांची निकड भासली. त्या प्रश्नावरील मतमतांतरे बाजूला ठेवली, तरी एवढे तर उघड झाले की, शतकापूर्वी कोणा अनाम कारकुनाने खरडलेली एक ओळ आज एखाद्या कुटुंबाचे भवितव्य ठरवू शकते.

कायद्यालाही हे मान्य आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम ४ ने प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर अभिलेख सूचीबद्ध करून ठेवण्याचे बंधन घातले आहे, कारण कागदच ठेवला नसेल तर नागरिकाने मागायचे काय? परंतु शासनाकडे बोट दाखवण्यापूर्वी समाजाने आपले घर आणि आपल्या संस्था तपासाव्यात. सेवाकार्य करणाऱ्या संस्था पूरग्रस्तांसाठी रात्रीचा दिवस करतात. पन्नास वर्षांनी त्या कार्याची साक्ष कोण देणार? ‘प्रसिद्धीपराङ्मुखता’ हा सद्गुण खरा, पण नोंद न ठेवणे म्हणजे प्रसिद्धीपराङ्मुखता नव्हे. तो निव्वळ आळस आहे. प्रसिद्धी स्वतःसाठी असते, नोंद पुढच्यांसाठी. आपला इतिहास दुसऱ्यांनी विपरीत लिहिला, अशी तक्रार करणाऱ्या समाजाने आपली साधने स्वतः जपली आहेत काय, हा प्रश्न स्वतःला विचारलाच पाहिजे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून कागद गोळा करीत होते. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ त्यांनी खंडाखंडाने प्रसिद्ध केली, ती तक्रार करून नव्हे.

करावयाचे काम अवघड नाही. घरातील छायाचित्रांमागे व्यक्तींची नावे, स्थळ आणि वर्ष लिहावे. आजी-आजोबांच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात आणि ते हयात असतानाच त्या लिहूनही काढाव्यात. यंत्र बदलले की ध्वनी मुका होतो, कागद बोलत राहतो. प्रत्येक संस्थेने बैठकीचे इतिवृत्त त्याच आठवड्यात पुरे करावे. जुनी दप्तरे रद्दीत देण्यापूर्वी एखाद्या मोडी जाणकाराला दाखवावीत. घरातील एका तरुणाने मोडी शिकावी. आणि हे करताना प्रत्येक गोष्टीला तिच्या नावाने हाक मारावी.

कारीच्या जेधे घराण्याने काही पाने जपली आणि महाराष्ट्राला आपल्या राजाचा जन्मदिवस मिळाला. पाने जपणाऱ्यांना पुढे काय घडणार, याची कल्पनाही नसेल. नोंद ठेवणाऱ्याला ती कधीच नसते. तरीही तो लिहितो, यालाच श्रद्धा म्हणतात.