वॉर्डात न जाता नर्स होता येत नाही

बारावीचा निकाल लागला की आमच्या मोहल्ल्यात हल्ली एक शब्द हमखास ऐकू येतो: जीएनएम. मुली नर्सिंगकडे वळताहेत, याचा शिक्षक म्हणून मला आनंदच आहे. पण पालक जे प्रश्न घेऊन येतात ते ऐकून काळजी वाटते. "सर, नाइट ड्यूटी नसलेलं कॉलेज सांगा." "पुरुषांच्या वॉर्डात पाठवत नाहीत, असं कुठे आहे का?" "हजेरी सांभाळून घेतील ना?" तिथे शिकवतात कसं, हे कोणी विचारत नाही.

दुःख हे की अशी कॉलेजं मिळतात. रुग्णालयाशी करार फक्त कागदावर, प्रात्यक्षिकाच्या वहीत मागच्या बॅचवरून उतरवलेल्या नोंदी, फी मात्र पुरेपूर. अशाच एका कॉलेजातून पास झालेली माझी माजी विद्यार्थिनी म्हणाली, "सर, सलाइन लावताना खूपदा पाहिलंय. स्वतः कधी लावलं नाही." तीन वर्षांच्या कोर्सनंतरचं हे वाक्य आहे. यात चूक त्या मुलीची नाही.

नर्सिंग हा हाताचा हुनर आहे. कंबरेचं इंजेक्शन नितंबाच्या वरच्या, बाहेरच्या भागातच द्यायचं, हे पुस्तकात लिहिलेलं असतं. पण किरकोळ अंगाचं मूल रडत, हातपाय झाडत असताना ती जागा शोधायला बोटांना सराव लागतो. जागा चुकून सुई मोठ्या नसेला लागली, तर मुलाचा पाय लुळा पडू शकतो. रबरी हातावरची शीर सरकत नाही. म्हाताऱ्या माणसाची सरकते. 500 मिलिलिटर सलाइन चार तासांत द्यायचं, संच 20 थेंबांचा, तर मिनिटाला साधारण 42 थेंब. हे गणित परीक्षेत सुटतं, पण रात्री दोन वाजता घड्याळाकडे बघत थेंब मोजायची सवय वॉर्डातच लागते. आम्हाला बी.एड.ला सराव पाठ होते, कारण नुसतं टाचण लिहून शिकवता येत नाही. तिथे पाठ फसला तर मुलांचा एक तास वाया जातो. इथे जिवाशी गाठ आहे.

आणखी एक कौशल्य आहे, ते भाषेचं. उर्दू माध्यमाची मुलगी इंग्रजी पुस्तकं पाठ करते आणि समोरची आजी म्हणते, "पोटात कळ येते, मळमळतंय, हातापायाला मुंग्या आल्यात." हे कळलं नाही तर डॉक्टरला सांगणार काय? ही मराठीही खाटेजवळ उभं राहूनच येते.

पर्द्याचा मुद्दा काढणाऱ्यांनी आपलाच इतिहास वाचावा. मदिनेत हजरत रुफैदा (रजि.) जखमींवर उपचार करत. खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या हजरत साद बिन मुआज (रजि.) यांना त्यांच्याच तंबूत ठेवलं होतं. जखमी पुरुष होते आणि उपचार करणारी बाई होती. याला खिदमत म्हटलं गेलं, बेपर्दगी नव्हे. शिवाय आपल्या घरातली बाई बाळंत होताना आपल्याला लेडी डॉक्टर हवी, बाई नर्स हवी. मग ती शिकणार कुठे? दुसऱ्यांच्या मुलींनी शिकावं आणि आपल्या मुलींनी फक्त प्रमाणपत्र आणावं, हा कुठला इन्साफ?

मुलीच्या सुरक्षिततेची काळजी रास्तच आहे. पण मग भांडायचं ते त्यासाठी: रात्रपाळीला जाण्यायेण्याची गाडी, मुलींसाठी वेगळी खोली, सोबत जबाबदार सिस्टर. नाइट ड्यूटीच नको म्हणून भांडणं म्हणजे मुलीचं शिक्षण अर्ध्यावर तोडणं.

म्हणून यंदा प्रवेश घेताना कॉलेजच्या ऑफिसात नव्हे, त्यांच्या रुग्णालयात जा. खाटांवर खरोखर रुग्ण आहेत का ते बघा. तिथल्या मुलींना विचारा: आठवड्यातून किती दिवस वॉर्डात असता? शेजारी उभं राहून शिकवणारं कोणी असतं का? की नुसत्या फाइली पोचवता? उत्तर देताना त्या घुटमळल्या, तर फीचे पैसे खिशातच ठेवा. उद्या त्या मुलीच्या हातात सुई असेल आणि समोर कदाचित तुमचीच अम्मी असेल.