कोथरूडमध्ये फ्लॅट घ्यायचाय? आधी गल्ल्याला विचारा



गेल्या महिन्यात बॅच संपल्यावर एक दादा थांबले. कर्वेनगरला त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. म्हणाले, "मॅडम, कोथरूडमध्ये टू बीएचके बघितलाय. एक कोटी सांगतोय. चाळीस लाख माझे, साठचं लोन. भाड्याने देईन. कोथरूडचा भाव काय खाली येत नाही. घेऊन टाकू ना?"

मी विचारलं, "चाळीस कुठून आणताय?"

"पंचवीसची एफडी आहे. पंधरा दुकानातून काढतो."

आजचा लेख त्या पंधरा लाखांसाठी आहे. माझं मत आधीच सांगते, म्हणजे शेवटपर्यंत थांबायला नको: कोथरूडसारख्या वसलेल्या भागात फ्लॅट घेणं वाईट नाही. पण दुकानाचं खेळतं भांडवल काढून तो घेणं वाईट आहे. का, ते बघू.

चांगल्या भागाचे पैसे आधीच मोजलेले असतात

कोथरूड चांगलं का, हे तुम्हाला सांगायला नको. शाळा, दवाखाने, नाट्यगृह, बँका, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. ६ मार्च २०२२ ला वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो सुरू झाली. १२ ऑगस्ट २०२३ ला चांदणी चौकातला नवा पूल खुला झाला. पण हे तुम्हाला माहीत आहे, तसंच विकणाऱ्यालाही माहीत आहे. त्याने ते सगळं भावात धरलंय.

मेट्रोची खरी कमाई खांब उभे राहायच्या आधी घेणाऱ्याची झाली. आज घेणारा तयार सोय विकत घेतो. स्वतः राहायला असेल तर त्याचे पैसे वसूल होतात, कारण ती सोय तुम्ही रोज वापरता. गुंतवणूक म्हणून घेत असाल, तर "भाग चांगला आहे" हे उत्तर पुरत नाही. या भावाला काय परत मिळतंय, हे विचारावं लागतं.

वहीत मांडून बघा

दादांबरोबर मी तिथेच हिशोब केला. आकडे उदाहरणादाखल धरले आहेत, तुम्ही तुमचे घाला.

किंमत १ कोटी. पुण्यात पुरुषाच्या नावावर मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ७ लाख. (फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर ६ टक्के.) नोंदणी फी ३० हजार. दलाली १ टक्का धरली तर १ लाख. एकूण ८ लाख ३० हजार वरचे. "हे चाळीसमध्ये धरलेत का?" दादा गप्प. धरले नव्हते. म्हणजे दुकानातून पंधरा नाही, तेवीस लाख काढावे लागणार होते.

आता भाडं. महिना २५ हजार धरू, वर्षाचे ३ लाख. त्यातून मेंटेनन्स ३६ हजार, मिळकतकर १८ हजार, आणि वर्षात एक महिना फ्लॅट रिकामा धरला तर २५ हजार वजा. हातात राहिले २ लाख २१ हजार. गुंतवले १ कोटी ८ लाख ३० हजार. म्हणजे वर्षाला जेमतेम २ टक्के.

लोन ६० लाख, २० वर्षं, साडेआठ टक्के. हप्ता साधारण ५२ हजार. भाड्यातून महिन्याला सुटतात १८ हजार. उरलेले ३४ हजार दर महिन्याला गल्ल्यातून द्यायचे. भर पावसाळ्यात धंदा मंद असतो, तेव्हाही.

दुसरी बाजू बघा. दादांचा माल वर्षात चार वेळा फिरतो. सगळा खर्च जाऊन प्रत्येक फेरीत ५ टक्के सुटले, तर १५ लाखांवर वर्षाला ३ लाख. म्हणजे कोटीचा फ्लॅट जेवढं देतो, त्यापेक्षा जास्त हे पंधरा लाख देतात. अर्थात त्यात तुमची मेहनत आहे, जोखीम आहे, मान्य. पण ते काढल्यावर कंपनीला रोख देऊन मिळणारी सूट जाते, मग माल उधारीवर येतो, मग शेल्फ रिकामं दिसतं. गिऱ्हाईक एकदा "नाही" ऐकून गेलं की पुढच्या वेळी दुसरीकडेच जातं.

"पण मॅडम, भाव वाढेल की!" वाढेलही. ५ टक्क्यांनी वाढला तर वर्षाला ५ लाख. पहिल्या वर्षीचं लोनचं व्याजही जवळपास ५ लाखच आहे. आणि वाढलेला भाव विकल्याशिवाय हातात येत नाही. दोन वर्षांनंतर विकलात तर नफ्यावर साडेबारा टक्के कर.

तरी घ्यायचाच असेल तर

मग भाग बघणं थांबवा आणि इमारत बघा. कोथरूडमध्ये तीस-पस्तीस वर्षं जुन्या इमारती भरपूर आहेत. "रिडेव्हलपमेंट होणार आहे" असं सांगून जुन्या फ्लॅटला जास्त भाव मागतात. तेव्हा एवढं विचारा:

१. जमीन कोणाच्या नावावर आहे? कन्व्हेयन्स झालंय का? सोसायटी आहे की अपार्टमेंट? दोन्हींचे कायदे वेगळे.

२. समोरचा रस्ता किती रुंद आहे? वाढीव बांधकामाची परवानगी बरीचशी त्यावर ठरते. अरुंद गल्लीतल्या इमारतीला बिल्डर सहज मिळत नाही.

३. सभेत खरंच ठराव झालाय का? सोसायटीच्या पुनर्विकासाला किमान ५१ टक्के सभासदांची लेखी संमती लागते. जिन्यातली चर्चा म्हणजे संमती नाही.

४. काम सुरू झालं तर दोन-तीन वर्षं तुमचं भाडेकरूचं उत्पन्न बंद. बिल्डर पर्यायी घराचं भाडं देईल, पण ते वेळेवर येईल असं धरून हप्ता ठरवू नका.

नवीन प्रोजेक्ट असेल तर महारेराच्या साइटवर नोंदणी आणि ताबा द्यायची तारीख बघा. ब्रोशर नंतर.

आणि दुकान घेत असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. पुलावरून जाणारं गिऱ्हाईक दुकानात उतरत नाही. नळ स्टॉपला उभं राहून अर्धा तास बघा, कोण थांबतंय आणि गाडी कुठे लावतंय. हां, तुम्ही आत्ता ज्या दुकानाचं भाडं भरताय तेच विकत मिळत असेल, तर गणित वेगळं. तिथे गिऱ्हाईक तुमचं आहे आणि भाडं वाचतं. त्याचा हिशोब वेगळा मांडा.

माझा नियम

सहा महिन्यांचा दुकानाचा खर्च बाजूला. माल भरायचे पैसे बाजूला. त्यानंतर जे उरेल ती गुंतवणूक. हप्त्यातली तूट धंद्याच्या सगळ्यात मंद महिन्यातही भरता आली पाहिजे. नाही जमत? मग दोन वर्षं थांबा. कोथरूड कुठे पळून जात नाही.

दादांनी टोकन दिलं नाही. एफडी तशीच ठेवलीये आणि दिवाळीआधी रंगाचं नवीन काउंटर टाकायचं म्हणतायत. फ्लॅट पुढे घेतीलही, घ्यावाच. पण तो दुकानाने कमावलेल्या पैशातून यावा, दुकान रिकामं करून नको.

आज रात्री दुकान बंद केल्यावर वही काढा आणि एकच आकडा लिहा: तुमचे दहा लाख दुकानात वर्षाला किती कमावतात? तो आकडा माहीत नसेल, तर फ्लॅट बघायला जायची वेळ अजून आलेली नाही.