सेवा सक्तीचीच हवी

कॅथलिक शाळांतल्या समाजसेवेविरुद्ध हल्ली एक युक्तिवाद मोठ्या ऐटीत मांडला जातो. तो असा: सेवा मनातून यावी लागते. वहीत तास मांडून, वृद्धाश्रमाच्या सिस्टरची सही घेऊन होते ती वेठबिगार. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये असं ख्रिस्तानंच सांगितलं, मग शाळा श्रेणी कसली देते? त्यात दहावीचा वेळ जातो. आणि सर्वांत शेवटी, आवाज खाली आणून: हे सगळं धर्मांतरासाठी आहे.

शेवटच्या आरोपाला एक वाक्य पुरे. या शाळांत पिढ्यान्‌पिढ्या हिंदू, मुसलमान, जैन, पारशी मुलं शिकली आणि आपापल्या धर्मातच राहिली. वेळेचं म्हणाल, तर क्लासला जाणाऱ्या संध्याकाळींबद्दल हा युक्तिवाद करणारे पालक कधी हळहळलेले दिसत नाहीत.

खरा वाद सक्तीचा आहे, आणि तिथे मी तसूभरही मागे हटणार नाही. आवडीनं पाढे पाठ करणारी मुलं किती? तरी पाढे ऐच्छिक करा, असं कुणी म्हणत नाही. म्हणजे सक्ती यांना चालते, फक्त ती स्वतःच्या फायद्याची हवी. दुसऱ्यासाठी घाम गाळायची वेळ आली की लगेच मुलाचं स्वातंत्र्य आठवतं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेम इथे सरकारी शाळांनी ६० तासांची सेवा सक्तीची केली, तेव्हा पालक कोर्टात गेले. गुलामगिरी संपवणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीचाच त्यांनी आधार घेतला! १९९३ मध्ये अपील न्यायालयानं तो दावा फेटाळला. तो फेटाळायलाच हवा होता; साठ तासांच्या कामाला गुलामगिरी म्हणणं हा खऱ्या गुलामांचा अपमान आहे.

महाराष्ट्रातल्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० मध्ये झाला, तेव्हाही हेच ऐकलं होतं: भाषेवर प्रेम सक्तीनं होत नाही. नसेल होत. पण ज्या मुलाच्या कानावर मराठी पडलीच नाही, ते तिच्यावर प्रेम करणार कधी? वृद्धाश्रमाची पायरी कधी न चढलेल्या मुलाच्या मनात करुणा आपोआप उगवेल, ही आशाही तितकीच पोकळ आहे.

राहिलं बायबल. आक्षेपकांनी मत्तयाच्या शुभवर्तमानातला, दोन हातांचं वचन असलेला सहावा अध्याय वाचला, एकविसावा वाचला नाही. तिथे बाप दोन मुलांना द्राक्षमळ्यात कामाला जायला सांगतो. एक नाही म्हणतो, पण नंतर जातो. दुसरा हो म्हणतो आणि जात नाही. बापाची इच्छा पहिल्यानं पाळली, असाच निवाडा होतो. आधी नकार देऊन मग गेलेल्या मुलाला तिथे मान आहे. पंचविसाव्या अध्यायात तर न्यायाच्या दिवशी हेतू कुणी विचारत नाही. भुकेल्याला जेवू घातलंस का, आजाऱ्याला भेटलास का, एवढंच पाहिलं जातं.

मग शाळेनं काय करावं? आयसीएसईच्या दहावीला समाजोपयोगी उत्पादक कार्य आणि समाजसेवेत उत्तीर्ण व्हावंच लागतं. ती अट सणावारी फळं वाटून उरकू नये. वर्षभर एकाच ठिकाणी जावं. काय काम करायचं ते तिथल्या माणसांना विचारावं. फोटो काढू नयेत. आणि परतल्यावर वर्गात बोलावं: ही माणसं इथे का आली, त्यांना इथे कुणी आणलं? शाळा चालवणाऱ्या जेझुइट या कॅथलिक संघाचे तेव्हाचे प्रमुख पेद्रो अरुपे यांनी १९७३ मध्ये स्पेनमधल्या वॅलेन्सियात आपल्या माजी विद्यार्थ्यांसमोरच कबूल केलं होतं की, न्यायासाठी लढणारी माणसं घडवण्यात आपल्या शाळा कमी पडल्या. ती उणीव तास रद्द करून भरणार नाही. तास वाढवा, आणि त्यांच्यामागे हे प्रश्न उभे करा.