कडेने जा, पोरी!

सायकलवाले सिग्नल पाळत नाहीत, ही तक्रार सगळ्या शहरांत ऐकू येते. ती खोटी नाही. पण मैत्रिणींनो, लाल दिव्यापाशी निमूट थांबणाऱ्या बाईचं काय होतं, तेही एकदा पाहायला हवं.

लंडनच्या वाहतूक खात्याचा एक अहवाल २००७ साली वर्तमानपत्रांतून बाहेर आला. १९९९ ते २००४ या काळात तिथे सायकलवर मृत्यू पावलेल्या स्त्रियांपैकी ८६ टक्के मालट्रकच्या अपघातात गेल्या होत्या. पुरुषांत हे प्रमाण ४७ टक्के. अहवालात सुचवलेलं कारण विचार करायला लावणारं आहे. बायका दिवा पाळतात, म्हणून त्या ट्रकच्या शेजारी कडेला उभ्या सापडतात. पुरुष दिवा तोडून पुढे गेलेला असतो!

उंच केबिनमधल्या ड्रायव्हरला डावीकडे अगदी खेटून उभी असलेली सायकल दिसत नाही. दिवा हिरवा होतो, ट्रक डावीकडे वळतो, आणि त्याची मागची चाकं पुढच्या चाकांच्या मार्गाने न जाता कोपरा कापत आत येतात. नेमकी तिथेच ती असते. आपल्याकडेही वाहनं डावीकडूनच चालतात. तेव्हा पुण्यात कामाला सायकलवरून निघालेल्या बाईसाठीही धोक्याची जागा हीच.

‘कडेने जा, कुणाच्या मध्ये येऊ नकोस’ असं आपल्याला घरातून शिकवलेलं असतंच. रस्ताही तेच शिकवतो.

मग बायकांनीही दिवे तोडायचे का? मुळीच नाही. रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीने कुणाकडे पाहायचं? पण नियम बदलता येतात. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात १९८२ पासून ‘थांबा’च्या पाटीपाशी सायकलस्वाराने वेग कमी करून, इतरांना वाट देऊन पुढे जायला कायद्याची मुभा आहे. पॅरिसमध्ये २०१२ पासून पाटी लावलेल्या चौकांत, पादचाऱ्यांना आधी जाऊ देऊन, लाल दिवा असतानाही सायकल उजवीकडे वळवता येते. लंडनने २०२१ पासून, ज्या अवजड ट्रकच्या केबिनमधून पुरेसं दिसत नाही, त्यांना सुरक्षेची जादा साधनं बसवल्याशिवाय शहरात यायला बंदी केली. म्हणजे बाईला उपदेश करण्याऐवजी ट्रकमालकाला खर्चात पाडलं. हे मला जास्त पटतं.

आपल्या महापालिकांकडे मागायचं ते एवढंच: थांबण्याच्या रेषेपुढे सायकलींसाठी आखलेली जागा आणि त्यांना काही सेकंद आधी हिरवा दिवा. ते होईपर्यंत ट्रकच्या डाव्या बाजूने पुढे घुसू नका. त्याच्या मागे, रस्त्याच्या मधोमध उभ्या राहा. मागचे हॉर्न वाजवतील. वाजवू देत.